गणूकाकांची वळख

माझ्या लग्नाच्या पंगतीतून गणूकाकांनी दोघांना हाताला धरून उठवलं होतं. "कुनाकडचे तुमी? वळख पटली पायजे." ते माझे सख्खे मामेसासरे निघाले. काकांनी माफीबिफी मागितली नाही. "आता पटली, बसा," म्हणाले.

सावर्ड्याजवळच्या आमच्या गावातली अर्धी माणसं कामाला मुंबईत. मतदानाला जे येत नाहीत, त्यांच्या नावावर भलताच कोणीतरी मत टाकून जायचा. हा गुन्हा थांबवायचं काकांनी मनावर घेतलं. पक्ष एकही पसंत नसल्यामुळे जो अपक्ष उभा असेल त्याचे ते पोलिंग एजंट होत. अपक्ष पडायचा हे ठरलेलंच. काकांना त्याचं सोयरसुतक नसे.

तोतयाला ते चेहऱ्यावरून पकडत. शिमग्याला पालखी घरोघर फिरते, तेव्हा मुंबईकर झाडून गावात येतात. काका पालखीमागून फिरून सगळे चेहरे डोळ्यांत भरून घेत. फक्त त्यांच्याच दारात पालखीला सामोरा जायला मुलगा नसे. त्यांचा सुरेश ऐन विशीत भांडून मुंबईला गेला तो परतलाच नाही. फोन नाही, निरोप नाही. तो विषय काढायची आमची छाती नव्हती.

गेल्या निवडणुकीत दुसऱ्या उमेदवाराचा एजंट म्हणून मी काकांच्या शेजारी बसलो होतो. तिशीतला एक अनोळखी माणूस आत आला आणि त्याने नाव सांगितलं, सुरेश.

"वडिलांचं नाव?" केंद्राध्यक्षांनी विचारलं.

"गणपत. म्हातारे झालेत, घरीच असतात."

खोलीत हशा पिकला. बाप समोरच बसलेला असेल, एवढंही त्याला पाठवणाऱ्यांनी सांगितलं नव्हतं. काका हसले नाहीत. त्या चेहऱ्याकडे ते बघतच राहिले, इतका वेळ की हा खरंच सुरेश तर नसेल, अशी मलाच शंका आली.

"काका, आक्षेप आहे?" मी विचारलं.

"हाय. ह्यो माजा सुरेश नाय."

पोलीस त्याला व्हरांड्यात घेऊन गेला. काका मागोमाग निघाले. आता त्याचं काही खरं नाही, म्हणून मीही उठलो. बघतो तर आपल्या बाटलीतलं पाणी त्याच्यापुढे धरून काका हळूच विचारत होते, "सुरेश येनार नाय, ह्ये तुला धाडनाऱ्यांना कसं ठावं? ते त्याच्याशी बोलले काय रे?"

त्या माणसाने बाटली न घेता पोलिसाकडे बघितलं.

"सांग रे," काका म्हणाले. "बरा हाय, येवडं तरी सांग."