नोरीनमिसची किल्ली

इंग्रजीतले काळ फळ्यावर लिहून कळत नाहीत, ते करून दाखवावे लागतात, असं नोरीन टकवेलचं ठाम मत होतं. क्वीन्सलँडमधल्या त्या संत्र्यांच्या गावात टोंगा बेटांवरून तोडणीला आलेल्या मंडळींना ती दर मंगळवारी सभागृहात इंग्रजी शिकवायची. "मी दाराला कुलूप लावते आहे," म्हणत ती आतून किल्ली फिरवायची. "मी कुलूप लावलं आहे." सगळे माना डोलवायचे. मग "मी किल्ली फेकणार आहे!" म्हणून खिडकीबाहेर हात काढायची आणि किल्ली गुपचूप खिशात टाकायची. भविष्यकाळ तेवढ्यावर भागायचा.

त्या मंगळवारी मात्र कौन्सिलच्या ग्लेनिस हारबॉटल वही उघडून मागे बसल्या होत्या. वर्ग ठेवायचा की नाही, हे त्या अकराच्या बैठकीत सांगणार होत्या. नोरीनला चेव चढला.

"मी किल्ली फेकणार आहे," ती गरजली, "फेकते आहे... फेकली!"

किल्ली खरंच गेली. रस्त्यावरून नेमका पेट्यांनी भरलेला ट्रक चालला होता. किल्ली त्यात पडली आणि ट्रक निघून गेला.

"छान," ग्लेनिसबाई म्हणाल्या. "आता उघडा."

"किल्ली... फेकली गेली."

"कुणाकडून?"

सव्वीस वर्षं वर्गाला हाच प्रश्न विचारणारी नोरीन कानापर्यंत लाल झाली. "माझ्याकडून."

फोन नियमाप्रमाणे बाहेर व्हरांड्यातल्या टोपलीत होते, ग्लेनिसबाईंचासुद्धा. खिडकीच्या काचपट्ट्यांमधून हातापलीकडे काही जाईना. शेवटी सेमिसी उठला. चार पेट्या एका दमात उचलणारा गडी, पण दाराची मूठ ओढून घामाघूम झाला तरी दार तसूभर हललं नाही.

"नाही जमत, मिस."

"मग हाका मारा कुणीतरी!"

"हाका कशाला? आम्ही गातो की," लुपे म्हणाली. वर्गात सगळ्यात थोरली तीच.

बारा गळ्यांनी रविवारचं भजन उचललं. छताचे पत्रे थरथरले. रस्त्यावर माणसं जमली. ग्लेनिसबाई पट्ट्यांमधून हात हलवत होत्या, बाहेरची मंडळीही हौसेने हात हलवत होती. बेकरीवाल्या म्हाताऱ्याने तर आणखी एक म्हणायला सांगितलं. त्यांनी म्हटलं. अकरा वाजून गेले. नोरीन कोपऱ्यात मान खाली घालून बसली. वर्ग तिने स्वतःच्या हाताने बुडवला होता.

सव्वा अकराला सेमिसीने दाराला रोवलेला पाय काढला आणि मूठ फिरवली. दार उघडलं. ग्लेनिसबाई पर्स सावरत पळत सुटल्या.

"सेमिसी," नोरीन म्हणाली, "हे उघडंच होतं?"

तो पायाकडे बघत राहिला. लुपे म्हणाली, "ते कुलूप मोडून दोन वर्षं झाली, मिस. लागतच नाही."

"दोन वर्षं! मला सांगायचं नाही?"

"तुम्ही इतक्या आनंदाने लावता. बरं दिसलं नसतं."

नोरीनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अगं, पण आज तरी उघडायचं! गेला ना आपला वर्ग!"

"कुठे गेला? सकाळी ग्लेनिसबाई व्हरांड्यात फोनवर सांगत होत्या, 'अकराला वर्ग बंद करून टाकते, नाहीतर विषय वर्षभर लांबेल.' आम्ही सगळ्यांनी ऐकलं. आणि तेवढ्यात तुम्ही किल्ली फेकलीत!" लुपेचे डोळे भरून आले. "सेमिसी म्हणालासुद्धा, आपल्या मिस किती हुशार!"

बारा जण तिच्याकडे कौतुकाने बघत होते. नोरीन "हो" म्हणाली, आणि कुणाला तोंड दिसू नये म्हणून कोरा फळा पुसत राहिली.