उन्हात शिंकणारे रोहेकर

रोहेकर आडनावाचा माणूस जगाच्या पाठीवर कुठेही सापडला, की आमच्या शेजारचे रोहेकर काका त्याला एकच प्रश्न विचारतात: "उन्हात गेल्यावर शिंक येते का?"

नाव, तब्येत, मुलंबाळं हे सगळं नंतर. आधी शिंक. पेणमध्ये त्यांच्याशिवाय दुसरा रोहेकर नाही. त्यामुळे हा प्रश्न बहुतेक वेळा परदेशात जातो, आणि तो मला इंग्रजीतून विचारावा लागतो.

मला फोनवर बोलायला आवडत नाही. समोरासमोर बोलायला फार आवडतं असंही नाही. पण आमच्या आळीत इंग्रजी माध्यमात शिकलेली मी पहिली मुलगी, आणि माझं इंग्रजी आळीच्या नळासारखं आहे. कुणीही यावं, भांडं लावावं. बाकीचे लोक औषधाच्या बाटलीवरचं वाचून घ्यायला येतात. काका फोन लावून घ्यायला येतात. माझं नाव त्यांना माहीत आहे, तरी ते मला 'मीडियम' म्हणतात.

"ए मीडियम, भायेर ये गो. आफ्रिका उठली असंल आता."

काका सत्तरीच्या पुढचे, काटक, एकटे. शर्टाच्या खिशात सुतळीचं गुंडाळं आणि केसांत एखादी पेंढ्याची काडी कायम. त्यांना स्वतःला उन्हात पाऊल टाकलं की शिंक येते. एकच येते, पण समोरच्या वायरीवरचे कावळे जागा बदलतात. आता आमच्याकडे घरातून निघताना कुणी शिंकलं तर तसंच निघत नाहीत. मागे फिरायचं, घटकाभर बसायचं, घोटभर पाणी प्यायचं, मग निघायचं. इतरांवर ही वेळ वर्षातून दोनचारदा येते. काकांवर पावसाळा सोडून रोज येते. ते उंबऱ्याबाहेर येतात, शिंकतात, आत जाऊन खाटेवर बसतात, मग स्वतःच उठून माठातलं पाणी घेतात, पुन्हा बसून ते पितात आणि डोळ्यांवर आडवा हात धरून आमच्या बदामाच्या सावलीपर्यंत पळत येतात. कारखाना पाच मिनिटांवर आहे, पण काका तिथे वेळेवर पोचल्याचं कुणाला आठवत नाही.

मी एकदा सुचवलं, "काका, गॉगल लावा ना."

"लावून बघितला. शिंक येत नाय."

"मग झालं की."

"काय झालं? ती यायला पायजे."

मी पुढे शंका काढली नाही. माझी ही सवय काकांना आवडते असं ते आईला सांगतात.

कारखाना म्हणजे गणपतीचा. काका तिथे पॅकिंग करतात. परदेशी जाणाऱ्या मूर्ती आधी निघतात, शिमग्याच्या सुमाराला, कारण बोटीला वेळ लागतो. त्या सगळ्या काकांच्या हातून जातात. पेंढ्यात गणपती बसवताना त्यांचा चेहरा बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बाईसारखा होतो. "सोंड आधी. मग बोटं. पोटाची काळजी नाय करायची, पोट आपलं आपण सांभाळतंय."

एका वर्षी एका खोक्यावर पत्ता आला इंग्लंडमधल्या लेस्टरचा, आणि नाव रोहेकर. काकांनी काम थांबवलं. सगळ्या कारखान्यात फिरून त्यांनी ते खोकं दाखवलं. "बघ, माझा मानूस हाय तिथं." मग त्यांनी पेंढ्यात पोह्याच्या पापडांचं पुडकं खुपसलं, आणि पुडक्यावर आपला फोन नंबर लिहिला. काही महिन्यांनी खरोखरच फोन आला. पापडांबद्दल आभार मानायला बिचाऱ्यांनी केला होता. काकांनी मराठीत शिंकेचं विचारलं, समोरून काही कळेना, तेव्हा काका फोन तसाच धरून आमच्या घरात आले आणि त्यांनी तो माझ्या कानाला लावला.

मी आयुष्यात पहिल्यांदा एका अनोळखी गृहस्थाला विचारलं की सर, आपण उन्हात गेल्यावर आपल्याला शिंक येते का. ते म्हणाले, "आमच्याकडे ऊन पडलं की कळवतो."

"काय म्हणाला?"

"ऊन नाहीये म्हणे तिथे."

"मग अजून ठरायचं हाय," काका म्हणाले, आणि समाधानाने गेले.

त्या दिवसापासून हे सुरू झालं. काकांनी शाळेतला जुना नकाशा मिळवून भिंतीला लावला. जिथे रोहेकर सापडेल तिथे ते गणपतीच्या अंगाला देतात त्या रंगाचा एक ठिपका देतात. हळूहळू अख्खी पृथ्वी गुलाबी गोवराने आजारी दिसायला लागली. फेसबुकवर शोधायचं काम माझ्याकडे आलं. कुवेतमध्ये युसूफभाई रोहेकर निघाले, क्रेन चालवणारे. ते म्हणाले, "चाचा, इथं धुळीनं अख्खा कुवेत शिंकतोय." काका म्हणाले, "धूळ वेगळी, ऊन वेगळं," आणि तेवढ्यावर दोघांचं इतकं जमलं की आता दर ईदेला फोन होतो. केपटाउनच्या एक बाई रोहेकर, ज्यांचे पणजोबा जहाजावर गेले ते तिकडचेच झाले, त्यांना वाटलं आम्ही सर्दीचं औषध विकतोय. त्यांनी फोन ठेवला. काकांनी ठिपका तरीही दिला. "रागीट हाय. पन हाय ना."

या सगळ्यामागे काकांचं एक शास्त्र आहे, आणि ते त्यांनी मला पेंढा कातरता कातरता शिकवलं.

"रोह्यात रोहेकर हुडकायला जाशील तर मिळायचा नाय. तिथं कोन कोनाला रोहेकर म्हनंल? सगळेच तिथले. गाव सोडलं, दुसऱ्या गावाला गेलं, तिथल्या मानसांनी इचारलं कुठला रं तू, की मग झाला रोहेकर. हे निघाल्याचं नाव हाय गो. ऱ्हायल्याचं नाय."

म्हणून त्यांच्या लेखी रोहेकरांत जातपात, धर्म काही नसतो. कुवेतचे युसूफभाई रोहेकर, न्यू जर्सीतले डॉक्टर रोहेकर, आणि इस्रायलमध्ये तर कितीतरी. आपल्याकडे जे ज्यू तेलाचा घाणा चालवायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक ज्यांना शनवार तेली म्हणायचे, ते स्वातंत्र्यानंतर तिकडे गेले, आणि जाताना गावाची नावं बरोबर घेऊन गेले. "देव ज्याचा त्याचा. नाव एका रोह्याचं," काका म्हणतात.

न्यू जर्सीच्या डॉक्टरांनी प्रश्न हसण्यावारी नेला नाही. त्यांना स्वतःला शिंक येत नव्हती, पण त्यांनी मला नीट समजावून सांगितलं की उन्हाने येणारी शिंक खरी असते आणि ती घराण्यात चालत येते. मी ते काकांना सांगितलं.

"परत सांग."

"घराण्यात चालत येते. आईवडलांकडून मुलांकडे."

"आईबापाकडनं. नक्की असंच म्हनाला?"

"हो."

काकांनी हातातली सुतळी पुन्हा गुंडाळली. गुंडाळलेलीच होती.

मला तेव्हा एक शंका आली, आणि मी सहसा शंका विचारत नाही, पण ही विचारली. "काका, पण हे सगळे वेगवेगळ्या घरांतले. एका गावातून निघाले एवढंच. त्यांची शिंक एक कशी असेल?"

ते एका छोट्या गणपतीच्या बोटांमध्ये पेंढा भरत होते. ते काम न थांबवता बोलले.

"आप्पा रोह्याला गनपती घेऊन जायचे बैलगाडीनं. आप्पा म्हंजे या कारखान्याचे जुने मालक. चतुर्थीच्या आधी गाडी भरून न्यायची, गनपती इकायचे, रिकामी गाडी घेऊन यायचं. एका साली आले, हितं दारात गाडी सोडली, आनि पेंढा काढाय गेले तर आत पोरगं. दोन-अडीच वर्साचं. निजलेलं. पेंढा बाजूला झाला, तोंडावर ऊन पडलं, तसं शिंकलं."

मी हातातला पेंढा खाली ठेवला.

"तो मी," काका म्हणाले. मला कळलं नसेल असं त्यांना वाटलं असावं.

"कुणी ठेवलं होतं?"

"काय म्हाईत. आप्पा परत गेले रोह्याला, बाजारात इचारलं, नदीपल्याड अष्टमीत इचारलं. कोन बोललं नाय. मग शाळेत घातला तवा मास्तरनं इचारलं आडनाव काय. आप्पा म्हनाले, रोह्याहून आलाय, रोहेकर लिवा."

कारखान्यात कुणीतरी पॉलिश पेपर घासत होतं. मला गप्प राहता आलं असतं, पण डोक्यात आलेला हिशोब थांबेना. "मग काका, तुमचं आडनाव इथलंच आहे. पेणमध्ये दिलेलं. तुमच्या घरचे लोक रोहेकर नसणारच. तुम्हीच सांगता ना, रोह्यात कुणी रोहेकर नसतो."

"व्हय."

"मग जगातल्या रोहेकरांना फोन करून काय उपयोग?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. शिकलेल्या माणसाला सोपी गोष्ट समजावताना येतो तसा धीर त्यांच्या चेहऱ्यावर आला.

"अगो, पोर गाडीत ठेवून देनारी बाई मागं त्या गावात ऱ्हायली असंल काय? गेली असंल कुठंतरी लांब. आनि रोह्याहून लांब गेली, तर तिचं, तिच्या पोरांचं नाव काय पडलं असंल?"

मी त्यांच्यासाठी पुढचा फोन त्याच संध्याकाळी लावला. तो काकांनी सांगितला नव्हता.

इस्रायलमधल्या अश्दोदच्या फ्लोराबाई रोहेकर त्या फोनवर भेटल्या. मी इंग्रजीत सुरुवात केली, तर पलीकडून स्वच्छ मराठी आली, जरा जुन्या वळणाची. मी फोन काकांना दिला आणि सुटले.

"उन्हात शिंक येते का?" काका.

"काय सांगू भाऊ, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. काळ्या चष्म्याशिवाय मुलगा अंगणातसुद्धा सोडत नाही. आधीचं काही आठवत नाही. पण मी थंडीत येणार आहे तिकडे. आमच्या वडलांच्या वडलांचा घाणा होता अष्टमीत, ती जागा बघायचीय मरायच्या आधी. तेव्हाच काय ते बघू."

थंडी येईपर्यंत काकांनी खोली सारवल्यासारखी स्वच्छ केली, नकाशावरचा अश्दोदचा ठिपका उजळवला, आणि माठावर एक नवा पेला आणून ठेवला. तोवर त्यांच्याकडे एकच पेला होता हे मला नव्याने कळलं. आळीत पैजा लागल्या. बाळू रिक्षावाल्याचं म्हणणं, बाई शिंकणार. आईचं म्हणणं, एवढ्या लांबून आलेली बाई सर्दीनेच शिंकेल, ते धरायचं नाही.

फ्लोराबाई आल्या. ठेंगण्या, पांढरे केस, पायात बूट, डोळ्यांवर काळा चष्मा. काकांची खाट, नकाशा, माठ हे सगळं त्यांनी हात लावून पाहिलं, दोनदा मागून पोहे खाल्ले. काकांनी बडबड केली, पण त्यांचं लक्ष दाराबाहेरच्या उन्हाकडे होतं. अष्टमीतली जागा बघायला दोघं मिळून जाणार होते, आणि रोह्याच्या गाडीची वेळ होत आली. बाळूने रिक्षा आणली.

काका उंबऱ्याच्या आत थांबले. "बाई, जरा चष्मा काढता?"

फ्लोराबाई बाहेर उन्हात उभ्या राहिल्या. त्यांनी चष्मा काढला आणि तोंड वर करून सरळ आभाळाकडे पाहिलं. काका पाहत होते. बाळू पाहत होता. मी काकांकडे पाहत होते. डोळ्यांत पाणी आलं बाईंच्या, पापण्या फडफडल्या, पण शिंक आली नाही. त्यांनी आणखी थोडा वेळ धीर धरला, मग मान हलवली.

"नाही हो भाऊ."

"नाय तर नाय," काका म्हणाले. "ऑष्ट्रेलिया अजून बाकी हाय." आणि दाराला कुलूप लावायला पिशवी सावरत ते बाहेर आले. ऊन तोंडावर पडलं, आणि वायरीवरचे कावळे उडाले.

सवयीने ते एकटेच आत वळणार, तेवढ्यात फ्लोराबाईंनी त्यांचा दंड धरला.

"निघताना शिंकलात? आता कुठं जाता तसेच? चला, बसा आधी."

त्यांनी काकांना आत नेऊन खाटेवर बसवलं. माठातून पाणी घेतलं, नव्या पेल्यात, आणि पेला त्यांच्या हातात दिला. "सगळं प्या. आमची आई तिकडेही अशीच बसवायची. बस गेली तरी चालायचं तिला."

काका पेला दोन्ही हातांत धरून बसले. पाणी पिताना त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर पेल्यात घातली. मी दाराबाहेर सरले.

बाळूने हॉर्न दिला. "काका, गाडी चुकंल ना."

आतून काकांचा आवाज आला, सावकाश, घाई नसलेल्या माणसाचा.

"थांब रं जरा. घरच्यांनी बसवलंय."