हडकरकाकांची टाळी

शोकसभेत टाळी वाजवणारा माणूस पाहायचा असेल, तर तुम्हाला लालबागला आमच्या इमारतीत यावं लागेल. आमच्याकडचे राणेआजोबा गेले, तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी सामंत गहिवरून बोलले आणि डोळे पुसत खाली बसले. सगळ्यांच्या माना खाली. तेवढ्यात मागच्या रांगेतून टाळ्या आल्या. मोठ्या नव्हेत, हलक्या, दाद दिल्यासारख्या. सामंतांनी चमकून वर पाहिलं. टाळ्या वाजवणारे प्रभाकर हडकर शेजारच्या सावंतबाईंकडे वळून शांतपणे म्हणाले, "घ्या, आता तुम्ही."

हडकरकाका वेडे नाहीत. ते जॅझवाले आहेत. जॅझमध्ये म्हणे एक सूर पकडून सगळे निघतात आणि मग प्रत्येकाची पाळी येते. कधी सॅक्सोफोनवाला पुढे, कधी पियानोवाला. त्याच्या मनात येईल ते तो वाजवतो, बाकीचे त्याला सांभाळून घेतात. त्याची पाळी संपली की गाणं संपायची वाट न बघता लोक टाळ्या देतात. हा नियम काकांनी जॅझपुरता ठेवला नाही, एवढंच.

वरळी कोळीवाड्याहून येणारी मासेवाली दारात पापलेटाचे गुण गाऊन दमली की टाळी. सुमनकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, ओल्या टॉवेलवरून त्यांना यथेच्छ झाडलं की टाळी. (मासेवालीला ती आवडते. काकूंना नाही.) गणपतीत एकदा आरती ऐन रंगात असताना झांजवाल्याने काहीतरी झकास वाजवलं, तर काकांनी तिथेच दाद दिली आणि "घे!" म्हणून ढोलकीवाल्याला खूण केली. ढोलकीवाला इतका खूश झाला की आरतीचं पुढचं कडवं पाच मिनिटं लांबलं. प्रसादाचं ताट घेऊन ताटकळलेल्या काकू कडाडल्या, "अवो, आरती आसा ती, जॅझ नाय!"

काकांची अख्खी नोकरी वीज कंपनीत गेली. तरुणपणी डाबूळ वस्तीतल्या एका गोवेकर सरांकडे ते गिटार शिकले, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवलं आणि सरांच्या घरच्या रेकॉर्डी ऐकून जॅझच्या नादी लागले. पण कान घडला तो चाळीच्या भजनात. त्यामुळे त्यांचं जॅझ थेट मालवणहून आलंय असं वाटतं. ड्रमवाल्याला ते 'मृदंगमणी' म्हणतात आणि गायकाला 'बुवा', मग ती गायिका का असेना. आमच्या कोकणात दोन भजनी बुवा समोरासमोर बसून एकमेकांवर कडी करतात, त्या डबलबारीची आणि जॅझची नाळ एकच आहे, हे त्यांचं ठाम मत.

"अरे सुहास, एक बुवा टाकतो, दुसरा उचलतो. ह्यांच्याकडे फक्त बुक्का लावत नाहीत. बाकी फरक काय, सांग?"

मला कुठला सांगता येणार! मी गाण्यातला औरंगजेब. एकच गाणं अर्धा तास ताणणारे काही बँड असतात, ते काकांचे खास लाडके. एकदा त्यांनी मला तसलं काहीतरी ऐकवलं आणि मी घड्याळाकडे पाहिलं. काका दुखावले. "बुवा एका अभंगावर तासभर बसतो तेव्हा बघतोस घड्याळ?"

चाळ पाडून टॉवर झाला आणि काकांची वाजवायची गॅलरी गेली. घरात काकूंच्या मालिका. मग त्यांनी आग लागली तर जमायला ठेवलेला मोकळा मजला शोधला, तो रेफ्युज एरिया. रोज संध्याकाळी तिथे प्लास्टिकच्या खुर्चीवर काका आणि मांडीवर ती पोट फुगलेली जुनी गिटार. सामंतांनी नियम दाखवला. काका म्हणाले, "आग लागली की मी लगेच थांबतो. शब्द माझा."

पुढे सामंतच तिथे येऊन बसायला लागले. कारण काका वाजवतात फार सुंदर. बाराव्या मजल्यावरची मुलगी कुत्र्याला फिरवायला निघते आणि कुत्र्यासकट तिथेच बसते. त्यांचा एक सोलो आहे. आमच्या चाळीच्या भजनातल्या नार्वेकरबुवांच्या एका जुन्या गजराच्या चालीवरून सुरू होतो, मग कुठेतरी भलतीकडेच जातो, हरवला असं वाटतं आणि अचानक दारात येऊन उभा राहतो. तो ऐकताना मला माझ्या आईची आठवण येते. का, ते विचारू नका. ती काही जॅझ ऐकत नव्हती.

दर रविवारी संध्याकाळी काका गिटार घेऊन लोअर परळच्या एका क्लबात जातात. ते आवार जुन्या गिरणीचं आहे. काकांचे वडील तिथे साचे, म्हणजे माग, चालवायचे. रविवारी तिथे ज्याला हवं त्याने स्टेजवर यावं आणि वाजवावं, अशी बैठक असते. एकदा मीही गेलो. काका इस्त्रीचा बुशशर्ट घालून पहिल्या टेबलाशी, पुढ्यात लिंबूसोडा. प्रत्येक सोलोनंतर त्यांची टाळी सगळ्यांच्या आधी. वाजवणारी पोरं टाळी येईपर्यंत त्यांच्याकडेच बघत होती, हे माझ्यासारख्यालाही कळलं.

मग रिया नावाची मुलगी, जी ती बैठक चालवते, वाकून म्हणाली, "अंकल, आज तो आ जाओ स्टेज पे!"

"आज नको बेटा. पार्टनर नाही आला."

"तुम्ही कधीच वाजवलं नाहीत इथे?" मी विचारलं.

"पार्टनर येऊ दे."

गिटार खोक्यातून बाहेरसुद्धा निघाली नाही. मला वाटलं, म्हातारा घाबरतो. रेफ्युज एरियातला वाघ! परतल्यावर मी काकूंपाशी तसं बोललोही. नेहमी तोंडाचा पट्टा चालू असणाऱ्या काकूंनी हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "गुरुवारी ह्यांका स्कूटरवरून वडाळ्याक सोड. मग सांग माका, घाबरतत काय ते."

वडाळ्याला नार्वेकरबुवा राहतात, मुलीकडे. आमच्या चाळीच्या भजनाचे हे बुवा. पेटी अशी वाजवायचे की समोरचा बुवा आपली ओळ विसरायचा. चाळीच्या गॅलरीत बुवांची पेटी आणि काकांची गिटार, असा कार्यक्रम वर्षानुवर्षं चालला होता. नव्या क्लबाची बातमीही बुवांनीच आणली होती आणि स्टेजवर पहिल्यांदा चढायचं ते दोघांनी, असं ठरलं होतं. मग बुवांना झटका आला. जीव वाचला, जीभ वाचली, उजवा हात गेला. तेव्हापासून त्यांनी पेटीवर चादर घातली ती काढली नाही, आणि घराबाहेर पडायचंही सोडलं.

त्या गुरुवारी मी दाराशी बसून पाहत होतो. काकांनी पलंगाशेजारी बसून तो गजर वाजवला. मग हात थांबवून म्हणाले, "घे, बुवा."

बुवा भिंतीकडे बघत राहिले. काका पायाने ठेका धरून बसले. खोलीत दुसरा आवाज नाही. बुवांच्या पाळीची सगळी आवर्तनं तशीच रिकामी गेली. ती संपल्यावर काकांनी टाळ्या दिल्या, अगदी मनापासून, आणि पुन्हा गिटार उचलली.

"कसली टाळी मारतंस मेल्या?" बुवा उखडले. "मी काय वाजवलंय?"

"पाळी तुझी होती. मी ऐकत होतो."

"एका हातान पेटी वाजना नाय, प्रभ्या. भातो कोण मारतलो, तुझो बापूस?"

काका हसले. "बघू. पुढच्या गुरुवारी घे."

त्यांचं हे दर गुरुवारी चाललं होतं, असं बुवांच्या मुलीने, मनीषाताईने, मला जिन्यात सांगितलं. "बाबा शिव्या घालतात, पण सकाळपासून दाढी करून बसतात." मला माझी लाज वाटायला हवी होती, पण काकांचा इतका अभिमान वाटला की स्कूटर चालवताना मी उगाचच ताठ बसलो होतो.

शेवटी एका रविवारी बुवा "नुसता ऐकूक" यायला तयार झाले. मनीषाताई आणि मी त्यांना चाकाच्या खुर्चीतून आत आणलं. काका आधीच पोचले होते. त्यांच्या टेबलाखाली चादरीत गुंडाळलेलं काहीतरी होतं आणि ते काय आहे हे बुवांनी एका नजरेत ओळखलं.

"चोरा," ते म्हणाले. एवढंच.

रिया आली. काकांनी तिला काही विचारू दिलं नाही. "बेटा, पार्टनर आ गया."

स्टेजवर बुवांची खुर्ची, पुढ्यात टेबलावर पेटी. शेजारी गिटार घेऊन काका, मागे क्लबातली पोरं. काकांनी गजर सुरू केला. मृदंगमणींनी ठेका उचलला आणि पोरांनी त्या जुन्या चालीखाली असा काही सूर भरला की बुवांची मान आपोआप डोलायला लागली. आता काकांचा तो सोलो येणार, मी खुर्चीत सरसावून बसलो. इतकी वर्षं रेफ्युज एरियात घासून ठेवलेला. सगळ्या क्लबाला आज कळणार होतं, हा माणूस कोण आहे.

काका थांबले. "घे, बुवा."

मागे नुसता ठेका. बुवांनी बराच वेळ पेटीकडे पाहिलं. मग डावा हात उचलून पट्ट्यांवर ठेवला. बोटं दाबली. पेटीत वाराच नव्हता. लाकूड नुसतं खटखटलं. बुवांचा चेहरा असा झाला की मला बघवेना.

काकांनी गळ्यातला पट्टा काढला. गिटार जमिनीवर ठेवली. पेटीच्या पलीकडे गुडघ्यांवर बसले आणि भाता मारायला लागले.

पहिला सूर कण्हत निघाला. दुसरा चुकला. डाव्या हाताला उजव्याचं काम येत नव्हतं, तो लहान मुलासारखा वाट शोधत होता. काका नुसता वारा देत होते. हळूहळू गजराची ओळ जमली, मग तिला एक वळण आलं, आणि एका जागी बुवांनी असं काही केलं की मागचा सॅक्सोफोनवाला पोरगा "ओह!" म्हणून मोठ्याने ओरडला. माझे डोळे भरून आले होते. मनीषाताई तर उघड रडत होती.

बुवांची पाळी संपली. क्लब उठून टाळ्या वाजवत होता. फक्त एकच माणूस वाजवत नव्हता. काकांचा हात भात्यावर होता. रियाने जमिनीवरच्या गिटारकडे बोट दाखवलं, "अंकल, अब आपका?" काकांनी मान हलवली. नको.

तेव्हा बुवांनी आपला डावा हात पट्ट्यांवरून उचलून पेटीवरून पुढे केला. "दी रे प्रभ्या, टाळी."

काकांनी भाता सोडला आणि त्या हातावर हात मारला. बुवांनी तो क्षणभर धरून ठेवला. मग काकांनी तो सोडवून घेतला आणि परत भात्यावर ठेवला.

"घे," ते म्हणाले. "अजून एकदा घे."