तिसरं अर्थिंग

"बावीस वर्षांत माझं एकही अर्थिंग पॅनलमध्ये राहिलेलं नाही!" मिस्त्रींनी छाती ठोकून सांगितलं.

आइस्क्रीमच्या कारखान्याची अकरा हजार व्होल्टची लाइन दुरुस्तीसाठी बंद होती. मुख्य खटका, म्हणजे तो कपाटाएवढा ब्रेकर, चाकांवर ओढून लोखंडी पॅनलच्या बाहेर उभा केला होता. मिस्त्री चिमटे लावलेल्या जाड तारांनी, म्हणजे अर्थिंगनी, लाइन जमिनीला जोडत होते, त्यांचा मेहुणा हाताखाली होता आणि मालकीणबाई दारातून प्रश्नांचा भडिमार करत होत्या.

"लाइन बंद केलीत ना? मग परत बांधताय कशाला?"

"बंद? कोणाच्या भरवशावर? पलीकडून एखाद्या दीडशहाण्याने जनरेटर लावला तर? तार असली की वीज जमिनीत पळते. नाहीतर माझ्यातून जाते! खटका पाडला की लाइन मेली, असं मानणारे दोघं माझ्या ओळखीचे होते."

"होते?"

"होते!"

बाई दोन पावलं मागे सरकल्या, पण प्रश्न थांबले नाहीत. "किती लावता?"

"तीन. आणि काढतोही तीनच!"

चार वाजता काम संपलं. भिंतीवर अर्थिंगचे तीन हुक. दोन भरलेले, तिसरा रिकामा!

मिस्त्रींचा चेहरा चुना लावल्यासारखा झाला. "मेहुणे, तिसरं कुठंय?"

"तुम्हीच लावलंत, भावोजी. मला हात लावू देता का कधी?"

सगळी दारं उघडून झाली. टॉर्च मारून झाली. मिस्त्री पोटावर झोपून पॅनलच्या बुडाखाली शिरले आणि कोळशाच्या गोणीसारखे बाहेर आले. तिसरं अर्थिंग नाही म्हणजे नाही!

तेवढ्यात शीतगृहाच्या दाराखालून गुलाबी ओघळ आला. बाई किंचाळल्या, "मिस्त्री! माझा वर्षाचा माल वाहतोय! पॅनल रिकामं दिसतंय ना? मग करा चालू!"

"दिसत नाही म्हणजे नाही, असं कोणी सांगितलं? ती तार कुठे चिकटलेली असेल आणि मी वीज सोडली, तर पॅनल फुटेल आणि आपल्या तिघांना छतावरून खरवडून काढावं लागेल!"

"नोकरीवर राहायचंय ना?"

"आधी जिवंत राहायचंय!" मिस्त्री पॅनलसमोर हात पसरून उभे राहिले.

बाई मेहुण्याकडे वळल्या. "तुम्ही ढकला हो तो ब्रेकर आत!"

मेहुणा बाईंनाही घाबरायचा आणि भावोजींनाही. बाई जवळ उभ्या होत्या. धूळ बसू नये म्हणून टाकलेल्या प्लास्टिकसकट त्याने ब्रेकरला जोर लावला. धूड दोन हात सरकलं आणि दावं बांधलेल्या म्हशीसारखं गचकन थांबलं! मेहुणा त्याच्यावर आपटला, प्लास्टिक त्याच्या डोक्यावर आलं आणि ब्रेकर उघडा पडला.

त्याच्या तिन्ही दांड्यांना तिसऱ्या अर्थिंगचे चिमटे घट्ट चावले होते. तार रबरी चटईखालून थेट जमिनीच्या पट्टीला!

हे असंच आत गेलं असतं तर? बाईंनी खाली बसून घेतलं.

मिस्त्रींनी चिमटे सोडवले, तीनदा मोजले, ब्रेकर आत ढकलला आणि लाइन चालू केली. शीतगृह घुर्र करू लागलं. बाईंना धीर आला, आणि धीर आला की प्रश्नही येतात.

"मिस्त्री, तुम्ही अडलात म्हणून वाचलो. पण एक कळत नाही. हा ब्रेकर तेव्हा बाहेर, एकटा, कशालाच न जोडलेला. याला कशाला बांधलं होतंत?"

मिस्त्रींनी तिसरं अर्थिंग हुकावर अडकवलं.

"बाई, सकाळी तो माझ्याकडे जरा तिरका बघत होता!"