समुद्रासाठी लोड

समुद्र साफ करायला समुद्रावर जावं लागत नाही. डोकं लागतं! आणि त्या पावसाळ्यात ते आख्ख्या आर्णीत फक्त माझ्याकडे होतं.

(मैत्रेयी म्हणते, "पहिल्याच ओळीत खोटं?" मैत्रेयी म्हणजे माझी बायको. तांड्यावर अंगणवाडी चालवते आणि मी लिहायला बसलो की खांद्यावरून वाचते. तिचं म्हणणं मी कंसात टाकणार आहे. कंसाबाहेर माझं राज्य!)

मी इंद्रजित. बसस्टँडजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे. त्याच दुकानात 'हिरवी आर्णी स्वयंसेवक मंडळा'चं मुख्य कार्यालय आहे. उपकार्यालय नाही. मंडळानं मागच्या वर्षी अरुणावतीच्या काठी झाडं लावली होती. शेळ्यांनी ती फार आवडीनं खाल्ली.

तर श्रावणातल्या एका सकाळी तांड्यावरची मोतीबाई दुकानात आली. तिची मुलगी जमनी कोकणात, समुद्राकाठच्या एका गावात, कोळी बायांच्या मदत केंद्रात काम करते. मोतीबाईचा फोन बटणांचा, म्हणून जमनीचे बोललेले निरोप माझ्या फोनवर येतात आणि मी ते मोतीबाईला ऐकवतो. ही मंडळाची मोफत सेवा आहे.

मी बटण दाबलं. जमनी बोलू लागली.

"भाऊ, याडीले सांगा, मी तीजेले येत नाई. कोण्या जहाजातून तेल सांडलं. पूर्ण किनारा काळा होऊन राह्यला. होड्या बंद, जाळे खराब. आम्ही समदे फावडे घेऊन हाओ. किनारा साफ झाल्याबिगर कोणालेच सुट्टी नाई."

याडी म्हणजे आई. ती मोतीबाई मटकन बाकावर बसली.

"अशी कशी येत नाई? दिवाळीनंतर लगन हाय तिचं! लगन झाल्यावर तीज पेरता येते का? हे शेवटची तीज हाय तिची, भाऊ!"

तीज म्हणजे बंजारा समाजातल्या कुमारिकांचा सण. टोपल्यांत गहू पेरायचे, रोज पाणी घालायचं, गायचं, नाचायचं आणि शेवटी ते हिरवे कोंब नदीत सोडायचे. सासरी गेलेल्या मुलीला टोपली मिळत नाही. मोतीबाईनं जमनीची टोपली आधीच विणून ठेवली होती.

निरोपाची शेपटी अजून बाकी होती. "आन भाऊ, इथले साहेब म्हणतात का कच्चा कापूस असला त तेल लवकर टिपते. पाण्याले हात लावत नाई, तेल पिऊन घेते. आपल्याकडं कापूस हाय का?"

कापूस हाय का! अहो, त्या वर्षी आमच्याकडे दुसरं होतं काय?

भाव पडलेला. उद्या वाढेल, परवा वाढेल म्हणून दिवाळीपासून घराघरात कापूस साठवलेला. लोक कापसावर जेवत, कापसावर झोपत, पाहुण्याला कापसावर बसवत. आणि साठवलेल्या कापसाचा एक गुण असा की तो खाज आणतो. साधी नाही! आर्णीत त्या साली कोणी दोन्ही हातांनी नमस्कार केला नाही. एक हात कायम पाठीवर.

"मोतीबाई," मी उभा राहून म्हणालो, "जमनी तीजेला येणार. मंडळाचा शब्द आहे!"

"मंडळात कोण कोण हाय?"

"सध्या मी."

मोतीबाईनं कपाळाला हात लावला.

*

प्रयोग. दुकानासमोर घमेल्यात पाणी घेतलं. नौशादच्या गॅरेजातून जळालेलं ऑइल आणून त्यात ओतलं. वरून कापसाचा एक बोंडाएवढा पुंजका टाकला.

तरंगला! काळा झाला! तेल प्यायला! पाणी तसंच!

टाळ्या. गर्दीतून एकाने विचारलं, "भाऊ, माहा कापूस नेता का?" दुसरा म्हणाला, "माहा पहिले न्या!" तासाभरात दुकानापुढे बैलगाड्या लागल्या. स्वयंसेवा म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं. आपल्या घरातली खाज दुसऱ्या जिल्ह्याला देण्याची तळमळ म्हणजे स्वयंसेवा.

जिनिंगवाल्यानं सरकी काढून दिली (आणि सरकी ठेवून घेतली). शिवायचं काम गुलाम नबी चाचांकडे. चाचा गाद्यावाले. आर्णीतल्या निम्म्या लग्नांच्या गाद्या त्यांच्या हातच्या. मी त्यांना लांब लोड शिवायला सांगितले, समुद्राच्या कडेला ओळीनं बांधता येतील असे.

चाचांनी कापूस पिंजायला घेतला आणि दहा मिनिटांत नाचतच बाहेर आले.

"इंद्रजितभाई! हे काय कापूस हाय का खुजली का गोदाम? मी गादीवाला हाओ, बंदर नाई!"

"चाचा, समाजकार्य आहे."

"समाजकार्य हाय तं उन कोकणवालों ने क्या गुनाह किया? बिचारे तेल काढतील का पाठ खाजवतील?"

आता हा विचार मात्र माझ्या मनाला लागला. आर्णीची इज्जत! परक्या गावाला पहिल्यांदा काही पाठवायचं आणि खाज पाठवायची? लगेच दुकानात बैठक घेतली. चाचा म्हणाले, धुवा. मैत्रेयी म्हणाली, धुऊन खाज जात नाही, उकळा. मी अध्यक्ष या नात्यानं म्हणालो, उकळा, आणि वर धुण्याचा सोडा टाका!

(मैत्रेयी: "मी जमनीला विचारून घ्या म्हटलं होतं." म्हटलं होतं. पण कपडे उकळताना आपण कोणाला विचारतो का?)

लग्नाच्या कढया आल्या. चुली पेटल्या. कापूस असा पांढरा निघाला की दवाखान्यानं मागून न्यावा! मी त्यावर गाल ठेवून पाहिला. खाज नाही. आहाहा!

फक्त एक लहानशी अडचण होती. श्रावण.

बाहेर सरी आणि ओला कापूस ढीगभर. मग तो घराघरात दोरीवर गेला. पंख्याखाली गेला. चुलीमागं गेला. नौशादनं दुरुस्तीला आलेल्या मोटारसायकली चालू ठेवून गरम सायलेन्सरजवळ कापूस धरला, त्यामुळे चार गिऱ्हाईकांचं पेट्रोल समुद्राच्या कामी आलं. मी झेरॉक्स मशीनच्या गरम हवेवर सुकवला. त्या आठवड्यात ज्यांनी सातबाऱ्याची झेरॉक्स काढली, त्यांच्या सातबाऱ्यावर आपोआप कपाशी उगवली.

शहरातला कापूस उकळून झाला आणि सोडा संपला. तांड्यावरच्या पोत्यांची पाळी राहूनच गेली. मी म्हटलं, राहू द्या, एवढा पुरे.

मग बायांनी खोळी शिवल्या. मोतीबाईनं त्यांवर आरसे टाचले.

"समुद्रात बुडवायचेत, आरसे कशाला?" मी विचारलं.

"माह्या पोरीच्या गावात जाऊन राह्यले. भिकाऱ्यासारखे जातीन का?"

हे ऐकून मलाही सुचलं. प्रत्येक लोडावर एक छापील कागद हवा! 'समुद्रास सप्रेम भेट', त्याखाली माझा हसरा फोटो, भोवती फुलांची चौकट आणि मोबाईल नंबर. पाण्यात पुसू नये म्हणून लॅमिनेशन.

(मैत्रेयी: "समुद्र साफ करायला प्लास्टिक!" कंस पूर्ण.)

तांड्यावरचा गुलाबसिंग सरकी ढेपेचा ट्रक घेऊन कोकणात जातो. त्याच्या ट्रकवर लोड चढले, नारळ फुटला, मी भाषण केलं. ट्रक गेल्यावरही ते थोडं चाललं.

*

लोड पोचले. जमनीनं व्हिडिओ कॉल लावला. दुकानात मुंगी शिरायला जागा नाही. मोतीबाई सर्वांत पुढं, फोनला नाक लावून.

फोनमध्ये काळपट किनारा. गुडघाभर पाण्यात उभे असलेले स्वयंसेवक. त्यांच्या हातांत आमचे लोड, आरसे चमकताहेत. पाहून माझे डोळे भरून आले.

"सोडा!" मी आर्णीतून हुकूम दिला.

सोडले.

पहिला लोड एक क्षण तरंगला. मग त्याने सुस्कारा टाकला आणि आत गेला. दुसरा सुस्कारा न टाकताच गेला. तिसऱ्यावरचा माझा फोटो हसत हसत खाली गेला. मग सगळेच, कळपातल्या म्हशी तळ्यात उतराव्यात तसे एकामागून एक!

तेल होतं तिथंच.

मोतीबाईनं फोन हलवून पाहिला. मग जमनी हळूच म्हणाली, "भाऊ, कापूस धुतला होता का?"

"धुतला?" आख्खं दुकान अभिमानानं ओरडलं, "उकळला!"

"सोडा टाकून!" चाचा मागून ओरडले.

"अरे द्येवा! भाऊ, कच्चा सांगितला होता नं? कच्च्या कापसाच्या आंगाले मेण असते, म्हणून तो पाण्याले जवळ येऊ देत नाई. तुम्ही मेणच धुऊन टाकलं! आता तो पाणीच पिऊन राह्यला!"

"पण खाज नाही ना आली कोणाला?" मी विचारलं.

कॉल कट.

*

त्यानंतरचे फोन:

"तुम्हीच काय ते हिरवी आर्णी? तुमचो लोड आमच्या खाडीतल्या जाळ्यात गावलो. आमका वाटला मोठो मासो! चौघांनी वढलो!"

"अहो, अजून एक गावलो. किती धाडल्यात?"

"मी इथला पोलीस पाटील. किनाऱ्यावर आरसे लावलेली एक संशयास्पद वस्तू आली आहे. त्यावर फुलांच्या चौकटीत एका इसमाचा फोटो आहे. नंबर घरच्यांचा दिसतो. इसम कधी वारले?"

"वारलो नाही. बोलतोय."

"मग चौकट कशाला?"

आणि शेवटी जमनीचा निरोप: "याडीले सांगा, आता तेल राह्यलं बाजूले. आम्ही भाऊचे लोड काढून राह्यलो. सुट्टीचं नाव नको."

मोतीबाईनं तो ऐकला. माझ्याकडे पाहिलं. तिच्या कपाळावरची आठी सुद्धा माझ्याकडे पाहत होती.

"माही पोरगी चार घमेले तेल काढत होती. तुमच्या नादानं आता ते गाद्या काढून राह्यली! तीज तोंडावर आली!"

"मोतीबाई, माझ्याकडे एक प्लॅन..."

"चूप!"

ती तडक तांड्यावर गेली. न उकळलेली पोती बाहेर काढली. चाचांना ओढत नेलं. चाचांनी एका हातानं खाजवत, एका हातानं भरत लोड तयार केले. आरसे नाहीत. फोटो नाही. धुण्याचं तर कोणी नावही काढलं नाही. गुलाबसिंगचा ट्रक पुन्हा भरला आणि मोतीबाई स्वतःच ड्रायव्हरच्या शेजारी चढून बसली. मांडीवर जमनीची टोपली.

"तुमच्या भरवशावर नाई आता. मी सोता जातो. पोरगी येत नसन त तीज तिच्याकडं नेतो."

हे मला फार आवडलं. मी म्हणालो, "जमनीला सांगत नाही. केंद्राला नुसतं कळवतो की कच्चा कापूस निघाला. तुम्ही एकदम समोर उभ्या राहा! सरप्राईज!"

"ते काय असते?"

"आनंदाचा धक्का."

"तुमचे धक्के लय झाले," मोतीबाई म्हणाली. पण गाडी सुटली होती.

(मैत्रेयी: "मी तेव्हाही म्हटलं होतं, सांगून टाका." कंसात जागा संपली.)

*

दोन दिवसांनी दुकान उघडून बसलो होतो. एसटीतून उतरून कोणीतरी धावत आलं. हातात पिशवी, पायाला अजून काळ्या तेलाचे डाग, चेहरा उन्हानं रापलेला आणि हसून फाकलेला.

जमनी!

"भाऊ! कच्चा कापूस येऊन राह्यला कळलं न, साहेब म्हणे, जा, तीज करून ये, आता बाकीचे पाहून घेतीन! याडीले फोन नका करजा हं. मी एकदम समोर जाऊन उभी राह्यतो. सरप्राईज!"

तेवढ्यात फोन वाजला. गुलाबसिंगच्या नंबरवरून व्हिडिओ. पडद्यावर मोतीबाई, मागं समुद्र, डोक्यावर टोपली.

"भाऊ! कच्चे लोड मस्त तेल पिऊन राह्यले! एक बुडाला नाई! पण जमनी कुठी हाय? इथं समदे नुसते हसून राह्यले, कोणी सांगत नाई!"

मी फोन छातीशी धरला, आत सरकलो आणि शटर ओढून घेतलं.

पण मोतीबाईचा आवाज शटरला काय जुमानतो?

"याडी?" बाहेरून जमनी.

"जमनी? तू तिथं कायले?"

"तू तिथं कायले?"

"मी तुही तीज घेऊन आलतो!"

"मी तुह्याकडं तीजेले आलतो!"

मग फोनमधून गुलाबसिंगचा आवाज आला की ढेप उतरली आहे, ट्रक रिकामा आहे, आत्ता निघालो तर टोपल्या नदीवर नेतात त्या दिवसापर्यंत मोतीबाईला तांड्यावर पोचवतो. मोतीबाई म्हणाली, "निघ!" जमनी शटरबाहेर हसत होती की रडत होती ते आतून कळेना.

मला राहवलं नाही. मी फटीतून म्हणालो, "हे पाहा, दोघींनी दोन्हीकडून निघून अर्ध्या वाटेवर भेटायचं, असा एक प्लॅन..."

यावर मायलेकी, एक फोनमधून आणि एक शटरमधून, एकाच वेळी गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत, काहीतरी म्हणाल्या.

मैत्रेयीला गोरबोली येते. मी तिला अर्थ विचारला आहे. ती म्हणते, तो कंसातसुद्धा लिहिण्यासारखा नाही.