चार बोटं वारा

कवडूजी लांजेवार पहिल्यांदा आमच्या दारात आले तेव्हा मी त्यांच्या पाया पडलो. त्यांच्या हातात पेटलेली अगरबत्ती होती, अंगात धुतलेला सदरा होता आणि कार्तिक पौर्णिमेचा दुसरा दिवस होता. कुठल्याशा देवाची फेरी निघाली असावी, अशी माझी समजूत झाली. मी चपला काढल्या, वाकलो आणि आत तोंड करून बायकोला म्हटलं, "कमल, सुपात थोडे तांदूळ आन. सुपारी पन."

कवडूजींनी पाय मागं घेतले नाहीत, कारण त्यांचं माझ्याकडं लक्षच नव्हतं. त्यांनी अगरबत्ती आमच्या खिडकीच्या चौकटीशी धरली होती. सरळ वर जाणारा धूर तिथं एकाएकी आडवा होऊन घरात वळत होता, आणि वैद्य रोग्याच्या जिभेकडं पाहतो तसे ते त्याच्याकडं पाहत होते.

"लीक हाये," ते म्हणाले.

कमल सूप घेऊन आली ती दारातच थांबली. "अवो, हे तर समोरचे कवडूजी होत," ती मला हळूच म्हणाली. तांदूळ परत डब्यात गेले. पुढं कवडूजींनी तो प्रसंग कधी काढला नाही. आमच्या घरात मात्र तो अजून निघतो, विशेषतः पाहुणे असताना.

भिलाईत पोलाद कारखान्याच्या भट्ट्या पेटून तेव्हा काही वर्षं झाली होती. आम्हाला सेक्टर सहामध्ये नुकतंच क्वार्टर मिळालं होतं. घर नवं होतं, पण कुण्या ठेकेदारानं लाकूड ओलं वापरलं असावं. एका उन्हाळ्यात ते सुकलं आणि प्रत्येक खिडकीनं आपापल्या मर्जीनं अंग वाकडं केलं. पुढं मोकळं माळरान. पुसाच्या महिन्यात तिकडून वारा निघायचा तो वाटेत कुठंही न थांबता थेट आमच्या अंथरुणात यायचा.

पगार बेताचा, त्यातला काही वर्ध्याला वडिलांकडं जायचा. दुर्गच्या बाजारात रजया टांगलेल्या असत. आम्ही त्यांना हात लावून येत असू. घरात माणसं चार: आम्ही दोघं, आठ वर्षांचा प्रकाश आणि तीन वर्षांची बेबी. पांघरुणं साडेतीन. अर्धं पांघरूण म्हणजे माझी शाल. तिला मधोमध इस्त्रीनं जळलेलं भगदाड होतं. इस्त्री मीच केली होती.

कवडूजी भंडाऱ्याकडचे, धान पिकवणाऱ्यांच्या घरातले. कारखान्यात ते गॅसच्या पाइपांवर होते. साबणाचं पाणी जोडांना फासायचं आणि बुडबुडा येतो का ते बघत बसायचं, हे त्यांचं काम. बुडबुडा आला की लीक. मी टाइम ऑफिसात होतो. कोण किती वाजता आला ते लिहून ठेवायचं, हे माझं काम. मी किती वाजता आलो ते मोठे बाबू लिहून ठेवायचे.

माणूस चाळिशीचा, उंच, जरा पुढं वाकलेला. बायकामुलं नव्हती. आपल्याविषयी बोलायचे नाहीत. फक्त एकदा, कमलनं नावाबद्दल विचारलं तेव्हा म्हणाले, "माह्या आधीचे तीन गेले, वहिनी. म्हून मायनं मले जलमल्याबरोबर सुइनीले इकलं, एका कवडीले. मंग वापस घेतलं. माय म्हने, कवडीच्या मालाले कोन नेते." एवढं बोलून ते खिडकीकडं वळले आणि पुन्हा लीक शोधू लागले.

कार्तिक पौर्णिमा उलटली की सुट्टीच्या दिवशी त्यांची ही फेरी सुरू व्हायची. कोणी बोलवायची गरज नसे. सायकलला पोतं बांधलेलं. त्यात परदेशातून आलेल्या यंत्रांच्या पेट्यांमधला जाड मेणकागद, गेटवर चिठ्ठी दाखवून रीतसर आणलेला. गोणपाटाच्या पट्ट्या. तुपाच्या रिकाम्या डब्यात मैद्याची खळ. खळीत मोरचूद घातलेलं, म्हणजे झुरळं कागद खात नाहीत. मेणकागदावर रशियन अक्षरं छापलेली असत. प्रकाशनं दोन दिवस खिडकीशी उभं राहून ती वहीत उतरवली, तेव्हा मास्तरांनी त्याला विचारलं, वही आरशापुढं धरून लिहितोस काय.

ज्यांच्याकडं गाद्या नाहीत त्यांना कवडूजी धानाचं तणस, म्हणजे भाताचा पेंढा, आणून देत. जवळच्या खेड्यातून सायकलवर इतके भारे लादून येत, की लांबून वाटावं एखादी गंजी एकटीच सेक्टर बघायला निघाली आहे. ते फरशीवर पसरायचं, वर गोणपाट, वर सतरंजी. पहिल्या दिवशी अंगाला टोचतं, दुसऱ्या दिवशी वास येतो, तिसऱ्या दिवशी सकाळी उठवत नाही.

"वहिनी, जुने लुगडे किती हायेत?" त्यांनी कमलला विचारलं.

"दोन."

"दोन्ही द्या. गोधडी होते."

"एक तर नेसून राह्यली ना मी."

कवडूजी विचारात पडले. शेवटी एकाच लुगड्यात माझी जळकी शाल घालून कमलनं गोधडी शिवली. त्या शालीचं नशीब माझ्यापेक्षा बरं निघालं.

"थंडी गरीब हाये, बाबू," खळ लावता लावता ते मला सांगत. मी हाताखाली होतो. "तिच्याशी भांडाचं नाही. जागा दिसली तं बसते, नाही दिसली तं आपनच पुढं जाते."

पण खरा विक्षिप्तपणा पुढं होता. घर असं डबीसारखं बंद करून झालं, की कवडूजी स्टुलावर चढायचे आणि छताखालच्या रोशनदानात, म्हणजे झरोक्यात, स्वतःच चिकटवलेल्या कागदाला, चार बोटं जातील एवढं भोक पाडायचे. भोकाभोवती गेरूनं गोल काढायचे. मग खाली उतरून हात झटकत म्हणायचे, "हे भोक माझं. बाकी घर तुमचं."

"इतकं सारं बुजवलं आन् हे कावून ठेवलं, कवडूजी?" मी म्हटलं. "थंडी इथून येईन ना."

"येऊ द्या. चार बोटं वारा घराले लागते."

"पण..."

"आन् गोरसी निजाच्या खोलीत न्याची नाही. बाहेर पेटवाची, सैपाकघरात ठेवाची, दार उघडं ठेवाचं. काय?"

गोरसी म्हणजे तिकडची रुंद तोंडाची मातीची शेगडी, हात शेकायची. मी मान हलवली. मान हलवणं मला टाइम ऑफिसात चांगलं जमलं होतं.

आमच्या ओळीत बारा घरं होती आणि बाराही घरांत गेरूचा तो गोल होता. कवडूजी संध्याकाळी ड्यूटीवरून परत येताना प्रत्येक घरासमोर सायकल हळू करायचे, मान वर करून बघायचे आणि भोकातून दिव्याचा उजेड दिसला की एकदा घंटी वाजवून पुढं जायचे. रोज बारा घंट्या. लोक चेष्टा करायचे. "कवडूजी, भोकाचं भाडं किती घेता?" कोणी विचारायचं. ते म्हणायचे, "उघडं ठेवा, भाडं माफ."

आणि त्यांचं स्वतःचं क्वार्टर? तिथं एकही कागद नाही. ऐन पुसात खिडक्या सताड उघड्या. "दिव्याखाली अंधार," मी कमलला म्हणायचो. विचारलं तर कवडूजी म्हणत, "मले गरमी होते." हे म्हणताना त्यांच्या अंगात दोन सदरे असत.

संक्रांतीला आठवडा असेल. थंडीनं त्या वर्षी गरिबी सोडून दांडगाई धरली होती. बेबीला खोकला होता. माझं अंथरूण बरोबर त्या भोकाखाली यायचं आणि चार बोटं वारा नेमका माझ्या माथ्यावर पडायचा. माथ्यावर केस असते तर पुढचं काही घडलंच नसतं. माझ्या सुट्टीच्या दिवशी कमल शेजारी तिळाचे लाडू वळायला गेली, तेव्हा मी स्टुलावर चढलो आणि त्या भोकात माझा एक जुना पायमोजा कोंबला. अगदी चपखल बसला. आयुष्यात मी इतकं नेटकं काम दुसरं केलेलं नाही.

मग मी गोरसी आत आणली. तिच्यात कोक होता, म्हणजे भट्टीसाठी भाजून काढलेला दगडी कोळसा. शेणीच्या गोरसीचा धूर माणसाला खोकून खोकून बाहेर काढतो. कोकला धूर नसतो. तो नुसता लाल, शांत, सोन्यासारखा जळत राहतो. धूर नाही म्हणजे अपाय नाही, असं मी टाइम ऑफिसच्या अकलेनं ठरवलं. दार लावलं. प्रकाश गणितं करत होता. बेबी माझ्या मांडीवर होती. मी पेपर वाचत होतो. बाहेर दिवेलागण झाली.

थोड्या वेळानं डोकं जड झालं. मला वाटलं, बातम्याच तशा आहेत. प्रकाशनं वहीवर मान टाकली. मला वाटलं, बरं झालं, किती प्रश्न विचारतो. बेबीचा खोकला थांबला होता. मला वाटलं, ऊब मानवली पोरीला.

त्या संध्याकाळी आमच्या दारी घंटी वाजली नाही. एकदम काच फुटली. मेणकागद फाडून सायकलचा पंप आत आला आणि त्याच्यामागं एक आवाज आला.

"दार उघड, बाबू. दार उघड तू."

कवडूजींनी मला कधी तू म्हटलं नव्हतं. मी उठायला गेलो तर पाय माझे नव्हतेच. जी काही शुद्ध शिल्लक होती ती एकवटून मी म्हणालो, "काच फोडली ना तुमी."

मग फुटक्या काचेतून त्यांचा हात आत आला, खिडकीशेजारच्या दाराची कडी चाचपून त्यानं खाली पाडली, आणि ते आत आले. दोन्ही पोरांना दोन खांद्यांवर टाकून बाहेर ओट्यावर नेलं. परत येऊन माझं बखोट धरून मला ओढलं. प्रकाशनं डोळे उघडले आणि विचारलं, शाळा सुटली काय. बेबी उघडत नव्हती. कवडूजी तिच्या तोंडावर वारा घालत होते, गालावर चापट्या मारत होते आणि सारखं एकच म्हणत होते, "ऊठ वो माय. ऊठ वो माय." आमच्याकडं लहान पोरीलाही माय म्हणतात, त्यामुळं मला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

मग बेबी त्यांच्या खांद्यावर ओकली आणि तिनं मोठ्यांदा भोकाड पसरलं. ते ऐकल्यावर कवडूजी जागच्या जागी खाली बसले.

आवाज ऐकून कमल धावत आली. तिच्या हाताला तीळ चिकटलेले होते. तिनं बेबीला घेतलं, प्रकाशला जवळ ओढलं, आणि मग तिला कवडूजींचा हात दिसला. मनगटापासून रक्त ओघळत होतं. तिनं गोधडीतून उरलेल्या लुगड्याची चिंधी आणून बांधली. मग कवडूजी आत गेले, गोरसी बाहेर अंगणात नेऊन पालथी केली, स्टुलावर चढले, पायमोजा काढला आणि आणून माझ्या हातावर ठेवला. मी त्यांच्या जागी असतो तर पुष्कळ बोललो असतो.

मग ते ओट्यावर बसले आणि बांधलेल्या हाताकडं बघत म्हणाले, "मायले आनलं होतं मी. क्याम्पात, टिनाच्या शेडात राहत होतो तवा. गावी कौलाचं घर. इकून तिकून वारा. तिथं गोरसी खाटेखाली घेऊन निजे माय, जलमभर."

कमलनं बेबीला पदराखाली घेतलं.

"इथं टिनातून वारा ये. माय काकडे. म्हून मी गोनपाट भरलं, कागद लावले. दोन दिवस लागले मले. एक फट नाही ठेवली, बाबू. लय चांगलं काम झालं होतं."

त्यांनी चिंधीची गाठ चाचपली.

"मंग गोरसी भरून देल्ली. कोक टाकला. माय म्हने, काय गुनाचा कोयसा हाये रे कवडू, धूरच नाही. आन् मी ड्यूटीवर गेलो."

ते उठले, सदऱ्यावर बेबीचं ओकलेलं तसंच, आणि सायकल उचलली. "काच उद्या लावून देतो," एवढं म्हणाले. ओळीत आमच्यापुढची सात घरं बघायची राहिली होती. अंधारात एकेक घंटी ऐकू येत गेली. मी मोजत होतो. सात झाल्या.

जेवताना मी कमलच्या बोलण्याची वाट पाहत होतो. मला बोलणी हवी होती. तिनं पोरांना दोनदा हाक मारून बघितली, जेवू घातलं, आणि फुटक्या खिडकीशी जाऊन उभी राहिली. समोर कवडूजींच्या घरात उघड्या खिडक्यांतून वारा शिरत होता. बल्ब वायरवर हेलकावत होता, आणि त्याच्याबरोबर भिंतीवरची त्यांची एकट्याची सावली इकडून तिकडं होत होती.

"उद्या खळ शिजवते मी," ती म्हणाली. "कवडूजीच्या खिडक्या आपन लावून देऊ."

"ते लावू नाही देनार," मी म्हटलं.

"देतीन. आधी भोक पाडू, मंग कागद लावू. भोक मी पाडीन." मग तिनं माझ्याकडं पाहिलं. "तुमी फक्त स्टूल धरा."