फोटोंची पुस्तकं वाचणारे डोंगरेकाका

डोंगरेकाका पुस्तक दाखवण्याआधी पाहुण्याची नखं बघतात. बँकेच्या बदलीवर मी जबलपूरला आले, मदन महल भागात त्यांच्या शेजारचं घर घेतलं आणि पहिल्याच रविवारी ओळख करून घ्यायला गेले, तर दारातच म्हणाले, "हात दाखवा." मला वाटलं, भविष्य सांगतात की काय. त्यांनी माझे हात उलटसुलट करून पाहिले, उजव्या अंगठ्यापाशी थांबले आणि म्हणाले, "रिजेक्ट. साबण मोरीत आहे."

काका मूळचे नागपूरकडचे, जन्मभर इथल्या एका कारखान्यात तपासणी विभागात होते. नोकरी संपली, तपासणी काही संपली नाही. भाजीवाल्याची वांगी, नात्यातले जावई, माझी पुणेरी मराठी, जे समोर येईल ते एकतर पास नाहीतर रिजेक्ट, आणि बहुतेक रिजेक्टच. पास होतात ती फक्त फोटोंची पुस्तकं. घरातल्या दोन खोल्या या पुस्तकांनीच भरल्या आहेत. जाड, थोराड, मांडीवर घेतलं की पाय बधिर करणारी पुस्तकं. गंमत म्हणजे या माणसाकडे कॅमेरा नाही. मोबाइल हातात दिला तर स्वतःच्या बोटाचा फोटो काढतात. "काढणारे पुष्कळ आहेत जी," ते म्हणतात, "पाहणारे कुठं आहेत?"

पाहणं म्हणजे काय, ते मी त्यांच्याकडे शिकले. पुस्तक पोथीच्या लाकडी ठवणीवर ठेवायचं. आधी नाक जवळ नेऊन शाईचा वास घ्यायचा. पान आपण उलटायचं नाही, ते फक्त काका उलटणार. डाव्या पानावरचा फोटो आणि उजव्या पानावरचा फोटो यांचं आपसात काहीतरी चाललेलं असतं, ते आपल्याला कळेपर्यंत पुढचं पान मिळत नाही. मध्येच एखादं कोरं पान आलं तर तिथंही तेवढंच थांबायचं. मी एकदा घाई केली, तर पुस्तकच मिटलं. दोन पानांवर पसरलेल्या फोटोत कुणाचं नाक शिवणीत गेलं असेल, तर मात्र काका छापणाऱ्याच्या सात पिढ्यांना नागपुरी शिव्या घालतात.

छपाईचे ठिपके पाहण्यासाठी त्यांनी सराफ्यातून सोनाराचं भिंग आणलं आहे. "लोकांच्या बायकांना सराफ्यातून पाटल्या येतात," डोंगरेकाकू मला म्हणाल्या होत्या, "आमच्याकडे भिंग आलं, तेही यांनाच." काकू हे हसत सांगत होत्या. त्यांची दृष्टी साखरेच्या आजारानं काही वर्षांपूर्वी पूर्ण गेली.

रोज संध्याकाळी भिंतीपलीकडून काकांचा आवाज यायचा. सुरुवातीला मला वाटलं, रेडिओवर क्रिकेट लागलं आहे. "डावीकडून चालू करतो. भिंत आहे. भिंतीला पोपडे आलेत. पुढं एक बाई बसून राहिली, पदर डोक्यावर." काका काकूंना पुस्तक सांगत असायचे. एक पान सांगून झालं की काकू प्रश्न विचारायच्या, ऊन कुठून येतंय, पायात चपला आहेत का. मला अशा वेळी टीव्ही बंद करावासा वाटायचा आणि मी तो करायचेही.

या दोघांना मूल नाही. आपल्यामागे ही पुस्तकं रद्दीवाल्याच्या तराजूत जाणार, ही एकच धास्ती काकांना होती. म्हणून ते वर्षानुवर्षं मराठी मंडळाच्या वाचनालयात एक कपाट मागत होते. मंडळाचे चिटणीस खानझोडे दर वेळी तेच सांगायचे, की पुस्तकं वाचायची असतात, बघायला कॅलेंडर पुरे. शेवटी या हिवाळ्यात खानझोड्यांनी, बहुधा कटकट मिटावी म्हणून, एक दुपार देऊ केली. सभागृहात पुस्तकं दाखवा, लोक शेवटपर्यंत बसले तर कपाट तुमचं.

काकांनी आठ दिवस आधीपासून तयारी केली. दाराशी बादली, साबण आणि पंच्यांची चळत ठेवली. ठवणीवरचं पान मागच्या रांगेलाही मोठं दिसावं म्हणून पडदा लावला. त्यासाठी कॅमेरा आणि प्रोजेक्टर मी बँकेतल्या एका सहकाऱ्याकडून मिळवली. जवळच्या पनागरहून काकूंचे भाऊ मटारच्या करंज्या घेऊन आले. लोकही आले, कुतूहलानं म्हणा किंवा करंज्यांसाठी म्हणा. कॉलेजातले प्राध्यापक आले, फौजी साहेबांच्या बायका आल्या, मराठी समजणारी पण हिंदीत बोलणारी तरुण मुलं आली. सगळ्यांनी रांगेत उभं राहून हात धुतले. खानझोड्यांना काकांनी दोनदा परत हात धुवायला पाठवलं, तेव्हा माझं पोट भरलं.

मग काका ठवणीमागे उभे राहिले. पहिलं पान उघडलं. तोंड उघडलं आणि आवाज फुटेना. इतकी वर्षं हा माणूस एकाच श्रोत्यासाठी बोलत आला होता. आता समोर भरलेलं सभागृह होतं. लोक चुळबुळले. खानझोड्यांनी घड्याळ पाहिलं.

तेव्हा पहिल्या रांगेतून काकूंचा आवाज आला. "कोणतं पुस्तक आहे हो?" काकांनी कसंबसं सांगितलं. "मग घाटाचा फोटो असेल," काकू म्हणाल्या आणि खुर्चीतूनच सुरू झाल्या. पायऱ्या किती झिजल्यात, नाव कुठं बांधली आहे, पाण्यावर उजेड कसा मोडतो, रोज ऐकून पाठ झालेलं सगळं त्या सांगत गेल्या. काका पानं उलटत गेले. मागची मुलं उठून पुढे जमिनीवर येऊन बसली. प्राध्यापक चष्मा पुसू लागले. कोऱ्या पानावर काकू थांबल्या, तेव्हा अख्खं सभागृह त्यांच्याबरोबर थांबलं. मला अभिमानानं भरून आलं, जणू पुस्तकं माझीच होती.

मग स्टेशनवरच्या हमालाचा फोटो आला. थंडीत एकटाच पेटीवर बसलेला. "हातात चहाचा कप आहे, वाफ निघून राहिली," काकू म्हणाल्या. मी पाहिलं, हात रिकामे होते. पुढच्या पानावर ओसाड माळावरची म्हातारी आली. काकूंच्या म्हणण्याप्रमाणे तिच्या शेजारी किटली होती. पडद्यावर नुसते दगड होते. काका खाली मान घालून उभे, कान लाल झालेले.

"काकू, यात चहा कुठं आहे?" खानझोड्यांनी विचारलं.

"नसणारच जी," काकू शांतपणे म्हणाल्या. "मला का माहीत नाही? बर्फाच्या डोंगरावर एक माणूस होता, त्याच्याही हातात यांनी चहा दिला. तिथं कोण टपरी लावते? यांना कोणी एकटं बसलेलं पाहवतच नाही."

आधी कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले, आणि हसता हसता टाळ्या सुरू झाल्या. खानझोडे उठले. "कपाट दिलं," एवढंच म्हणाले आणि लगेच बसले. एकही माणूस उठून गेला नव्हता.

काकांनी शेवटचं पान उघडलं. आता त्यांचा आवाज आला, रोज भिंतीपलीकडून यायचा तसाच.

"एक म्हातारा आहे," ते म्हणाले. "बाकावर बसून राहिला. बाजूची जागा रिकामी आहे. हातात काही नाही. खरंच काही नाही."

काकूंनी त्या आवाजाकडे मान वळवली.

"मग असं पाहून काय राहिले?" त्या म्हणाल्या. "द्या ना त्याला चहा."